आईचं वजन, आईचं बीपी आणि काचेतलं बाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाळ झाल्याचा फोन आला की पहिला प्रश्न असतो, मुलगा की मुलगी? दुसरा, किती किलोचं? नवजात बाळांच्या विभागात काम करताना या दुसऱ्या प्रश्नाची मला थोडी धास्तीच वाटते. 'चार किलो' ऐकून घरचे पेढे आणायला पळतात आणि आत त्याच बाळाची साखर उतरलेली असते. 'दोन किलो' ऐकून आजी डोळ्यांना पदर लावतात आणि ते बाळ मजेत दूध पीत असतं. बाळाच्या वजनाचा अर्थ लावायचा तर आईचे दोन आकडे हातात लागतात: दिवस गेले तेव्हाचं तिचं वजन आणि नऊ महिन्यांतलं तिचं बीपी. दाराबाहेर उभे असलेले नातेवाईक जे विचारतात, तेच प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे घेतले आहेत.

बीपी आईचं वाढलं, मग काचेत बाळाला का ठेवलं?

कारण बिघाड सुरू झाला तो दोघांच्या मधे, वारेत, म्हणजे बाळाला पोसणाऱ्या प्लासेंटात. गर्भ रुजला की वारेच्या पेशी गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये शिरतात आणि त्या रुंद करतात. शेतात पाणी सोडण्याआधी पाट मोकळा करून घेतात, तसंच हे काम. पाट रुंद झाला की रक्त संथ आणि भरपूर येतं. काही जणींमध्ये हे काम अर्धवट राहतं. पोट लहान असतं तोवर अरुंद पाटही पुरतो. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाची मागणी वाढते आणि वार उपाशी पडते. उपाशी वार आईच्या रक्तात असे पदार्थ सोडते की तिच्या अंगभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडतं. मग बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळायला लागतात, यकृतावर ताण येतो. म्हणजे बीपी दिसतं आठव्या महिन्यात, पण बिघडलेलं असतं चौथ्या-पाचव्यातच.

बाळाच्या बाजूनं याचा अर्थ कमी रक्त, कमी प्राणवायू, कमी पोषण. बाळ खुरटतं. कधी वार वेळेआधीच सुटते आणि आतल्या आत रक्तस्राव होतो. कधी आईचा जीव वाचवण्यासाठी बाळ लवकर काढावं लागतं. काचेत ठेवलेल्या अशा बाळांपैकी बरीच या तिसऱ्या कारणानं तिथे असतात: बाळ आजारी नसतं, फक्त फार लवकर आलेलं असतं.

गोळ्यांनी बीपी १३०/८० वर आलं. आता बाळाला धोका नाही ना?

ही गैरसमजूत शिकलेल्या घरांतही दिसते. गोळी आईच्या मेंदूचं आणि हृदयाचं रक्षण करते, आणि ते फार मोलाचं आहे. पण अरुंद राहिलेला पाट गोळीनं रुंद होत नाही. म्हणून बीपी आटोक्यात असलं तरी बाळाची वाढ मोजणं, डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करणं, लघवी आणि रक्त तपासणं चालूच राहतं. 'बीपी नॉर्मल आहे, मग परत सोनोग्राफी कशाला, पैसे काढायचे धंदे' असं ऐकायला मिळतं तेव्हा वाईट वाटतं, कारण नेमकी हीच सोनोग्राफी वाया जाणारी नसते.

किती बीपी म्हणजे जास्त?

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त. दोन्हींपैकी एक पुरे. किमान चार तासांच्या अंतरानं दोनदा तसं आलं की निदान पक्कं. १६०/११० च्या घरात गेलं तर तो तातडीचा मामला: दवाखान्यात त्याच वेळी जायचं, 'उद्या सकाळी बघू' नाही.

वीस आठवड्यांच्या आधीपासून बीपी असेल तर ते जुनं. वीस आठवड्यांनंतर नव्यानं आलं तर गरोदरपणातलं. त्यासोबत लघवीत प्रथिनं आली किंवा यकृत, मूत्रपिंड, प्लेटलेट, मेंदू यांपैकी कुठे झळ लागली तर ते प्रीएक्लॅम्पसिया. झटके आले तर एक्लॅम्पसिया. जगभरात शंभर गरोदरपणांपैकी दोन ते आठांमध्ये प्रीएक्लॅम्पसिया होतो, म्हणजे हा काही लाखात एखादीचा आजार नाही.

जाता जाता एक बारीक पण कामाची गोष्ट. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटंच जास्त दाखवतं. वजन जास्त असलेल्या बाईसाठी मोठा पट्टा लागतो. तो मागायला लाजू नका. मापताना पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, आणि त्या दोन मिनिटांत गप्पा बंद.

पायांना सूज तर सगळ्यांनाच येते. त्यात काय एवढं?

खरं आहे, संध्याकाळी पावलं सुजणं हे पुष्कळ जणींना होतं आणि नुसत्या सुजेवरून निदान करतही नाहीत. पण त्यामुळे झालंय असं की घरातली वडीलधारी माणसं प्रत्येक सुजेला 'असं असतंच गं' म्हणतात. सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, अंगठी एकदम घट्ट, आठवड्याभरात वजन दोन किलोनं वाढलेलं, हे वेगळं. गोळी घेऊन न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांसमोर काजवे किंवा अंधारी, बरगड्यांखाली उजव्या बाजूला दुखणं, धाप, हेही वेगळं. बरगड्यांखालचं दुखणं ॲसिडिटी समजून सोडा पिऊन झोपलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. ते यकृताचं दुखणं असू शकतं.

आणि बाळाची हालचाल. डाव्या कुशीवर पडून मोजा. दोन तासांत दहा वेळा हालचाल जाणवली नाही किंवा रोजच्यापेक्षा बाळ स्पष्टपणे शांत वाटलं तर निघायचं. गोड खाऊन बाळ हलतं का बघत बसू नका.

आई ९० किलोची आणि बाळ १८०० ग्रॅमचं. एवढं खाल्लेलं गेलं कुठे?

हा प्रश्न सासरची माणसं सुनेसमोरच विचारतात. बाळाचं पोषण आईच्या ताटातून थेट होत नाही, ते वारेतून होतं. आईच्या अंगावर कितीही साठा असला तरी पाट अरुंद असेल तर शेत कोरडंच.

लठ्ठपणा आणि बीपी हे दोघं बाळाला विरुद्ध दिशांना ओढतात. आईच्या अंगात चरबी जास्त असली की तिच्या इन्सुलिनचा जोर चालत नाही, रक्तात साखर आणि चरबी जास्त फिरते, ती वारेतून बाळाकडे जाते आणि बाळ जाडजूड होतं. बीपीचा आजार बाळाला खुरटवतो. शिवाय आईचं वजन जितकं जास्त तितका प्रीएक्लॅम्पसियाचा धोका जास्त, म्हणजे हे दोघं बरेचदा जोडीनंच येतात. मग एखादं बाळ २८०० ग्रॅमचं जन्मतं आणि सगळे म्हणतात, छान, अगदी व्यवस्थित. पण साखरेनं फुगवलेलं आणि वारेनं रोखलेलं असं ते सरासरी वजन असू शकतं. माझा या 'व्यवस्थित' वजनावर सगळ्यात कमी विश्वास आहे. आईची फाईल बघितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही.

लठ्ठ कुणाला म्हणायचं? आमची सून तर दिसायला ठीकठाकच आहे.

किलोमधलं वजन घ्या, मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागा. आलेला आकडा म्हणजे बीएमआय. पाश्चात्त्य देशांत ३० च्या पुढे लठ्ठपणा मानतात. भारतीयांसाठी आपल्याकडच्या तज्ज्ञांनी २३ ला जास्त वजन आणि २५ ला लठ्ठपणा अशी रेष आखली आहे. पाच फूट एक इंच, म्हणजे १.५५ मीटर उंचीच्या बाईसाठी २५ चा आकडा येतो साधारण ६० किलोला. हे सांगितलं की समोरचे हसतात. साठ किलो म्हणजे कुठे लठ्ठ?

ही रेष खाली का आणली त्याची गोष्ट पुण्याची आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये गरोदरपणाआधीपासून बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. हातपाय बारीक, पोट लहान, स्नायू कमी. पण पाठीवरची त्वचेखालची चरबी मात्र त्या मानानं कमी झालेली नव्हती. 'बारीक पण चरबीदार' असं हे भारतीय बाळ. पुढे २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच दाखला छापला: दोघांचा बीएमआय २२.३, पण अंगातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि दुसऱ्याची, म्हणजे याज्ञिकांची, २१.२ टक्के. वजनकाट्यावर न दिसणारी चरबी आपल्याकडे जास्त असते, म्हणून 'दिसायला ठीकठाक' पुरेसं नाही.

२०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या २४ टक्के भारतीय स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त निघाला. गोव्यात तर तिघींत एकीपेक्षा जास्त. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रिया गरजेपेक्षा बारीक होत्या. एकाच बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर या दोघी शेजारी बसलेल्या असतात आणि दोघींना सल्ला मात्र एकच मिळतो: खा, भरपूर खा.

मग गरोदरपणात वजन कमी करायचं का?

नाही. डाएटिंग, उपासमार, 'बाळ लहान राहिलं तर नॉर्मल होईल' म्हणून जेवण तोडणं, यातलं काहीही नको. वजन कमी करायची वेळ दिवस जाण्याआधीची. आधी पाच-सात किलो उतरले तरी फरक पडतो.

एकदा दिवस गेले की वजन किती वाढू द्यायचं एवढाच प्रश्न उरतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ मध्ये दिलेले आकडे आजही वापरतात: बारीक बाईनं १२.५ ते १८ किलो, नेहमीच्या वजनाच्या बाईनं ११.५ ते १६, जास्त वजनाच्या बाईनं ७ ते ११.५, आणि बीएमआय ३० च्या पुढे असेल तर ५ ते ९ किलो. आपल्या उंचीच्या बायकांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ यात फेरफार करतात, तो त्यांना करू द्या.

'दोघांचं खा' हे दुष्काळातल्या काळजीचं वाक्य आहे, आजच्या स्वयंपाकघरातलं नाही. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीचं असं जवळजवळ काहीच लागत नाही. नंतरही लागतं ते एखादी भाकरी, वाटीभर डाळ किंवा उसळ आणि एखादं अंडं किंवा वाटीभर दही, इतकंच. डोहाळजेवणाला माझी हरकत नाही, ते एक दिवसाचं असतं. हरकत आहे ती रोज आग्रहानं वाढल्या जाणाऱ्या शिऱ्याला, तुपाच्या धारेला आणि 'तू बसून राहा, मी करते' या प्रेमाला. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर रोज अर्धा तास चालणं हे औषधच आहे.

बाळ चार किलोचं! म्हणजे तब्येतीनं चांगलंच ना?

आधी त्याची साखर बघू, मग पेढे.

आईच्या रक्तातली साखर वारेतून पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणून आईची साखर जास्त असली की बाळाचं स्वतःचं स्वादुपिंड भराभर इन्सुलिन तयार करायला लागतं. इन्सुलिन शरीराची वाढ करणारं असल्यामुळे बाळ गुबगुबीत होतं. जन्मल्यावर नाळ कापली जाते आणि साखरेचा पुरवठा एका क्षणात थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन तसंच उसळलेलं राहतं. पुढच्या एक-दोन तासांत साखर खाली येते. ४५ च्या खाली गेली तर आम्ही सावध होतो. बाळ थरथरतं, सुस्तावतं, दूध ओढत नाही. कधी काहीच दिसत नाही आणि म्हणूनच टाचेला टोचून थेंबभर रक्त तपासावं लागतं. 'एवढ्याशा जिवाला किती टोचता' हे ऐकून घ्यावं लागतं, घेतो. मेंदूला साखर कमी पडली तर ते नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

यावर पहिला इलाज साधा आहे: तासाभराच्या आत छातीला लावणं आणि अंगाला अंग लावून ठेवणं.

मोठ्या बाळाची दुसरी अडचण बाहेर येताना. डोकं येतं आणि खांदा अडकतो. ही वेळ प्रसूतिगृहातल्या सगळ्यात घाबरवणाऱ्या वेळांपैकी एक. खांद्याजवळच्या नसा ताणल्या जाऊन हात लुळा पडू शकतो, गळ्याजवळचं हाड मोडू शकतं, प्राणवायू कमी पडू शकतो. बहुतेक हात काही आठवड्यांत-महिन्यांत सुधारतात, पण सगळे नाही. अशा बाळांना श्वास जोरात चालणं आणि कावीळ जास्त होणं हेही पाहायला मिळतं.

म्हणून गरोदरपणात साखरेची चाचणी चुकवू नका. आपल्याकडे उपाशीपोटी नसतानाही करता येणारी पद्धत आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं, १४० किंवा जास्त आलं तर पुढची पावलं. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांदरम्यान पुन्हा. पहिली चांगली आली म्हणून दुसरी टाळायची नसते.

जास्त वजनामुळे बाळात व्यंग येतं का?

बहुतेक बाळं निर्व्यंग असतात, हे आधी. पण मणक्याची नळी नीट न मिटणं आणि हृदयाचे काही दोष यांचं प्रमाण लठ्ठ मातांच्या बाळांमध्ये थोडं जास्त असतं. मणक्याची नळी मिटते ती गर्भाच्या चौथ्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येतं त्याच्या आसपास. त्यामुळे फॉलिक ॲसिडची गोळी दिवस जाण्याच्या आधीपासून हवी, आणि वजन जास्त असेल तर नेहमीपेक्षा मोठा डोस लागेल का ते डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट कुणी बोलत नाही: पोटावर चरबीचा थर जाड असेल तर सोनोग्राफीत बाळ धूसर दिसतं. 'नीट दिसत नाही, पंधरा दिवसांनी परत या' असं सांगितलं तर परत जा.

मीठ बंद केलं तर बीपी येणार नाही ना? आणि ती ॲस्पिरिनची गोळी कशाला?

अळणी जेवणानं प्रीएक्लॅम्पसिया टळत नाही. लोणचं, पापड, फरसाण कमी करा, ते कुणासाठीही चांगलंच; पण आमटीतलं मीठ काढून तिचं जेवणच तोडू नका.

ज्यांचा खरा उपयोग आहे त्या दोन गोष्टी स्वस्त आहेत. पहिली कॅल्शियम. आहारात कॅल्शियम कमी असलेल्या भागांत ते दिलं की प्रीएक्लॅम्पसिया कमी होतो. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन गोळ्या मिळतात. लोहाच्या गोळीबरोबर एकत्र घेऊ नका, मधे दोन तास जाऊ द्या. गोळ्यांची पाकिटं न उघडता कपाटात ठेवलेली घरं अनेक आहेत.

दुसरी कमी डोसाची ॲस्पिरिन. ती प्रत्येकीसाठी नाही. आधीच्या वेळी प्रीएक्लॅम्पसिया झालेला, जुनं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, जुळं, पहिलटकरीण आणि त्यात जास्त वजन, अशा जणींसाठी. सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच खरा फायदा, कारण पाट रुंद होण्याचं काम तेव्हाच चाललेलं असतं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या 'ॲस्प्रे' या युरोपातल्या मोठ्या चाचणीत जास्त धोक्याच्या बायकांना रात्री १५० मिलिग्रॅम दिल्यावर ३७ आठवड्यांच्या आत उद्भवणारा प्रीएक्लॅम्पसिया ६२ टक्क्यांनी घटला. म्हणून नाव नोंदवायला तिसरा महिना. पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात आलात की ही संधी गेलेली असते. स्वतःच्या मनानं मात्र सुरू करू नका.

बीपीच्या गोळ्या बाळाला बाधतात का?

काही बाधतात, काही नाही. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा या गरोदरपणात वर्षानुवर्षं वापरात असलेल्या गोळ्या. लॅबेटॅलॉल घेणाऱ्या आईच्या बाळाची साखर आणि हृदयाचे ठोके जन्मानंतर पाहतो, एवढंच.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यांच्यापासून मात्र गरोदरपणात दूर राहायचं. त्या बाळाच्या मूत्रपिंडांवर घाव घालतात, बाळाची लघवी कमी होते आणि पोटातलं पाणी आटतं. टेल्मिसार्टन आपल्याकडे घरोघरी आहे. तिशीच्या पुढची, बीपीची गोळी चालू असलेली बाई मूल होण्याचा विचार करत असेल तर आधी गोळी बदलून घ्यायची. आणि सासऱ्यांची गोळी सुनेला द्यायची नाही. हसू नका, असं घडतं.

डॉक्टर म्हणतात आठव्यातच बाळ काढू. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही म्हणतात ना?

म्हणतात, आणि ते साफ खोटं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना आणि मेंदूला बळ देतो. ३४ आठवड्यांचं बाळ ३० आठवड्यांच्या बाळापेक्षा केव्हाही सुरक्षित.

प्रीएक्लॅम्पसियाचा खरा शेवट वार बाहेर आल्यावरच सुरू होतो. सौम्य असेल तर ३७ आठवड्यांपर्यंत डोळ्यांत तेल घालून थांबतात; तीव्र असेल तर ३४ नंतर थांबत नाहीत, आणि आईला झटके येण्याची चिन्हं असतील किंवा डॉप्लरमध्ये नाळेतला प्रवाह थांबलेला वा उलटा दिसला तर त्याआधीही.

लवकर काढायचं ठरलं तर दोन इंजेक्शनं महत्त्वाची. एक स्टेरॉइडचं, आईला देतात पण बाळाच्या फुप्फुसांसाठी. न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या डॉक्टरांनी १९७२ मध्ये त्याचा उपयोग दाखवला. 'स्टेरॉइड' शब्द ऐकून नकार देऊ नका. दुसरं मॅग्नेशियम सल्फेट. ते आईचे झटके रोखतं. २००२ मधल्या मोठ्या जागतिक चाचणीत त्यानं झटक्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. फार लवकर जन्मणाऱ्या बाळाच्या मेंदूचंही ते रक्षण करतं. इंजेक्शनच्या जागी आग होते आणि जन्मल्यावर बाळ थोडं ढिलं, सुस्त वाटू शकतं. एक-दोन दिवसांत ते सावरतं.

काचेत बाळाला नेमकं काय करता? आम्हाला आत का सोडत नाही?

खुरटलेल्या आणि लवकर आलेल्या बाळाच्या अंगावर चरबी नसते, ते भराभर गार पडतं. साठा नसल्यामुळे त्याचीही साखर उतरते; म्हणजे चार किलोचं आणि दीड किलोचं बाळ उलट कारणांनी एकाच तपासणीला येतात. पोटात प्राणवायू कमी पडल्यामुळे काही बाळांचं रक्त दाट झालेलं असतं. आईच्या बीपीमुळे प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असू शकतात, त्यामुळे जंतुसंसर्गाची भीती. फुप्फुसं कच्ची असतील तर नाकात दाबानं हवा सोडणारी नळी लावतो. दूध थेंबाथेंबानं वाढवतो, कारण उपाशी राहिलेली आतडी एकदम भरली तर बिघडतात.

आत न सोडण्याबद्दल माझं मत सहकाऱ्यांना कधीकधी पटत नाही: आईला आत घ्यायलाच हवं. हात धुवून, छातीशी बाळ बांधून तासन्‌तास बसवायला हवं. कांगारू पद्धत म्हणतात ती हीच, कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पेट्या कमी पडल्या म्हणून सुरू झालेली. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या चाचणीत एक ते १.८ किलोच्या बाळांना जन्मानंतर लगेच कांगारू पद्धतीनं ठेवल्यावर मृत्यू २५ टक्क्यांनी घटले. आईचं बीपी अजून चढं असेल तर बाबा, मावशी, आजी कुणीही बसू शकतं. बाबांची छातीही तेवढीच ऊबदार असते, ते फक्त लाजतात.

दूधच येत नाहीये. पावडर सुरू करू का?

वजन जास्त असेल, सिझर झालं असेल, बाळ आत आणि आई बाहेर असेल तर दूध उतरायला तीन-चार दिवसही लागतात. याचा अर्थ दूध येणारच नाही असा नाही. पहिल्या काही तासांतच हातानं पिळायला सुरुवात करा, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. पहिल्या दिवशी चमचाभर पिवळा चीक निघाला तरी तो बाळासाठी भरपूर आहे. लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, एनालाप्रिल या गोळ्या चालू असताना अंगावर पाजता येतं; एनालाप्रिल गरोदरपणात नको पण आता चालते, यानं लोक गोंधळतात. फार लवकर आलेल्या बाळाच्या आईनं ती घेण्याआधी बाळाच्या डॉक्टरांनाही सांगावं.

सातव्यात माहेरी पाठवायची आमच्याकडे रीत आहे. चालेल ना?

रीत चांगली, तिचा एक धागा कच्चा आहे. नेमकं बीपी चढायच्या दिवसांत मुलगी दवाखाना बदलते. जुन्या डॉक्टरांना ती दिसत नाही, नवे डॉक्टर तिला ओळखत नाहीत. तिसऱ्या महिन्यात ११०/७० असलेलं बीपी आठव्यात १३६/८८ झालं, तर ही चढण फाईलशिवाय कुणालाच दिसणार नाही. साडीच्या घडीआधी बॅगेत माता आणि बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी आणि सुरुवातीच्या वजनाची नोंद ठेवा. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या दवाखान्यात नाव घाला. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली तपासणी मोफत असते. बाळंतपण आणि आजारी नवजात बाळाचे उपचार सरकारी रुग्णालयात फुकट आहेत, जाण्या-येण्याच्या गाडीसकट.

बाळंतपण झालं, आता बीपी गेलं ना?

बाळ झाल्यावर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढतं, म्हणजे बरेचदा घरी गेल्यावर, पाचवीच्या पूजेच्या धांदलीत. झटके बाळंतपणानंतरही येतात. दहाव्या दिवसापर्यंत बीपी मोजणं हवंच, आणि सहा आठवड्यांत डोकं दुखलं तर 'जागरणानं दुखतंय' असं गृहीत धरू नका. पुढच्या गरोदरपणात सुमारे सहांपैकी एकीला हा आजार पुन्हा होतो. आणि अशा बाईला पुढे हृदयविकाराचा धोका इतरांच्या दुप्पट असतो. पन्नाशीत छातीत दुखून गेलात तर डॉक्टरांना ही पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट आठवणीनं सांगा.

या बाळाला मोठेपणी काही होईल का?

बीपीच्या आजारातून जन्मलेल्या मुलांचं बीपी इतरांपेक्षा थोडं वर राहतं. लठ्ठ आईच्या मुलांमध्ये लठ्ठपणा आणि मधुमेह जास्त दिसतो. यातलं काहीही कपाळावर लिहिलेलं नाही, पण एका बाबतीत आपणच घाई करतो. लहान जन्मलेल्या बाळाला 'बाळसं धरू दे' म्हणून सहा महिन्यांनंतर बिस्किटं, साखर घातलेली पेज, तूपसाखरेचे घास चालू होतात. बारीक जन्मून भराभर जाड होणं हीच त्या शरीरासाठी सगळ्यात जड वाट आहे. वाढीच्या तक्त्यावर वजनाबरोबर उंचीची रेषही वर जातेय ना, ते बघा.

घरी सोडलं. आता काय बघू?

अंगावर ओढून दूध पितंय का, दिवसात सहा-आठ लंगोट ओले होतात का, तळवे गार आहेत का. गार असतील तर पुन्हा छातीशी. दोन-सव्वादोन किलोचं होईपर्यंत रोजची मालिश-आंघोळ नको. शेगडीचा धूर, गुटी आणि मध तर वजन वाढल्यावरही नको. आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात, त्यांना बाळ उघडून बघू द्या.

आणि बाळ ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल तर तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. बाहेरून डोळे छान दिसतात, बाळ दिव्याकडे बघतं, म्हणून लोक हा कागद फाईलमध्येच ठेवतात. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या असतील तर लेझरनं दृष्टी वाचवता येते, पण त्यासाठी हातात मोजके दिवस असतात. डिस्चार्ज कार्डावर तारीख लिहिलेली नसेल तर निघण्याआधी दारातच थांबा आणि लिहून घ्या.